भाषेच्या ऑनर्स पदवीला क्षेत्रकार्याची अट असावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार सुरू झालेल्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात चौथे वर्ष हे ऑनर्सचे वर्ष आहे. भाषाविषय घेतलेल्या विद्यार्थ्यांकडून या वर्षात नेमके काय पूर्ण करून घ्यावे, याविषयी गोव्यातील अभ्यासमंडळांपुढे, प्राध्यापकांपुढे आणि पालकांपुढे एक मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मागणी एकच आहे. भाषाविज्ञानात, किंवा मराठी, कोकणी अशा कोणत्याही भाषेत ऑनर्स पदवी मिळवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एका बोलत्या माणसाजवळ बसून त्याचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, ते जसेच्या तसे उतरवावे आणि त्यातले व्याकरण स्वतः शोधून मांडावे. हे काम, म्हणजेच क्षेत्रकार्य, पदवीची अट म्हणून मोजले जावे आणि ते केवळ 75 टक्के गुण मिळवणाऱ्यांपुरते राहू नये.

मी पेडणे तालुक्यात राहते आणि उच्च माध्यमिक विद्यालयात तीन दशकांहून अधिक काळ मराठी शिकवून निवृत्त झाले आहे. माझी भाची 2023 मध्ये मराठी हा मुख्य विषय घेऊन महाविद्यालयात दाखल झाली. माझी आई, म्हणजे तिची आजी, माहेरची आरोंद्याची. तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे महाराष्ट्रात लागते ते हे गाव. दुसऱ्या वर्षाला भाषाविज्ञानाचा पेपर शिकत असताना भाचीने एके दिवशी मला विचारले, “मावशी, आजी आरोंद्याच्या माणसांशी बोलते तेव्हा ‘मी’ला ‘मियां’ म्हणते आणि आपल्याशी बोलताना ‘हांवें’ म्हणते. ती हे मुद्दाम करते की तिच्या लक्षातही येत नाही?” इतकी वर्षे मी आईच्या शेजारी बसले, दोन्ही रूपे माझ्या कानांवरून गेली, पण हा फरक मी कधी टिपला नव्हता. मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला जे ऐकू आले नाही, ते एका पेपराच्या अभ्यासाने त्या मुलीला ऐकू येऊ लागले, याचे मला फार अप्रूप वाटले.

पुढे तिने चौथ्या वर्षासाठी विषयही ठरवून टाकला. नदीच्या दोन्ही काठांवरच्या काही घरांतून साठीपुढच्या बायकांचे बोलणे नोंदवायचे, आणि ‘मी’ची ही रूपे कोण, कोणासमोर, कोणत्या क्रियापदाबरोबर वापरते ते पाहायचे, असा तो विषय होता. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि गोवा मुक्तीपर्यंत नदीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या राजवटी नांदल्या. दोन्ही काठांवरच्या सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. राजवटींनी बोली किती वेगळ्या केल्या आणि सोयरिकींनी त्या किती सांधून धरल्या, हा प्रश्न पीएच.डी. करणाऱ्यालाही पुरून उरेल असा आहे, आणि तो एका एकवीस वर्षांच्या मुलीला स्वतःच्या घरच्या ओसरीवर सापडला होता.

सहा सत्रांची तिची सरासरी 73 टक्के भरली. महाविद्यालयात तिला सांगण्यात आले की, तू ऑनर्स करू शकतेस, पण संशोधन प्रकल्प तुला घेता येणार नाही. त्याऐवजी तीन जादा पेपर घ्यावे लागतील. महाविद्यालयाने नियमाप्रमाणेच सांगितले, त्यात त्यांचा काही दोष नाही. नियमाची जी मांडणी आहे, ती भाषाविषयांना लावताना काय घडते, ते सांगण्यासाठी हे उदाहरण दिले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक, म्हणजे मुलांच्या भाषेत क्रेडिट, लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 लागतात. या 160 पैकी मुख्य विषयाचे, म्हणजे मेजरचे, किमान 80 आणि गौण विषयाचे, म्हणजे मायनरचे, 32 असतात. बहुविद्याशाखीय पेपरांचे 9, भाषिक क्षमतेचे 8, कौशल्यवर्धनाचे 9, मूल्यशिक्षणाच्या सामाईक पेपरांचे 6 ते 8 आणि इंटर्नशिपचे 2 ते 4 असा पुढचा हिशेब आहे. उरलेले 12 श्रेयांक चौथ्या वर्षातल्या संशोधन प्रकल्पाचे किंवा लघुप्रबंधाचे. ज्यांना पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण आहेत, त्यांना ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग खुला होतो. बाकीच्यांनी त्याच 12 श्रेयांकांसाठी तीन पेपर द्यायचे आणि ‘ऑनर्स’ घेऊन बाहेर पडायचे. पुढे पदव्युत्तर पदवी एका वर्षात करता यावी, चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशाचाही विचार व्हावा, अशा सोयी या रचनेत आहेत, आणि पालकांचे लक्ष साहजिकच तिकडे असते. माझे म्हणणे त्या सोयींविषयी नाही. ते या 12 श्रेयांकांविषयी आहे.

विज्ञान शाखेत काय होते ते पाहावे. रसायनशास्त्रात पन्नास टक्के मिळवणारा मुलगाही पहिल्या वर्षापासून ब्युरेट हातात धरतो, द्रावण बिघडवतो, पुन्हा करतो आणि प्रयोगवही पूर्ण करून सहीसाठी नेतो. तुझे गुण 75 टक्क्यांखाली आहेत म्हणून तू प्रयोगशाळेत येऊ नकोस, असे त्याला कोणी म्हणत नाही. भाषेच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळा म्हणजे बोलणारा माणूस, आणि तिथे जाण्याची पाळी आजच्या रचनेत चौथ्या वर्षी, तीही संशोधन प्रकल्प मिळाला तरच येते. तोवर त्याने भाषेविषयीचे सगळे ज्ञान छापील पानांतून आणि नोट्समधून घेतलेले असते. ‘स्वनिम म्हणजे काय?’ या प्रश्नाचे पाच गुणांचे उत्तर त्याला पाठ असते, पण ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ यांतले दोन ‘ज’ वेगळे आहेत, आपली लिपी त्यांना एकच अक्षर देते आणि स्वनिमाची कल्पना अशाच जोड्यांवरून सुचते, हे त्याने स्वतःच्या जिभेवर करून पाहिलेले नसते. हे मी त्रयस्थपणे लिहीत नाही. मीही ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन उच्चार वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दाखवले आणि वर्गातल्या मुलांना आपल्या आजीकडून दहा-दहा शब्द टिपून आणा, असे एकदाही सांगितले नाही.

भाषाविज्ञानाची ऑनर्स पदवी म्हणजे साधारणपणे कोणता अभ्यास अपेक्षित असतो, हेही वाचकांना सांगायला हवे, कारण आपल्याकडे भाषाविज्ञान म्हणजे साहित्याच्या अभ्यासक्रमातला एक कोरडा पेपर एवढीच समजूत आहे. उच्चारांचा अभ्यास करणारे स्वनविज्ञान, एखाद्या भाषेत कोणते उच्चार अर्थ बदलतात ते पाहणारा स्वनिमविचार, शब्दांच्या घडणीचा रूपविचार, वाक्यविचार, अर्थविचार, भाषा काळानुसार कशी बदलते हे सांगणारे ऐतिहासिक भाषाविज्ञान आणि समाजातल्या वापराचे समाजभाषाविज्ञान हा त्याचा गाभा. याशिवाय अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत ऑनर्ससाठी सरासरी गुणांची अट असते आणि प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला प्रबंध द्यावा लागतो. काही ठिकाणी तर आपल्या भाषाकुळाबाहेरच्या एखाद्या भाषेची घडण शिकल्याशिवाय पदवी मिळत नाही. ही शेवटची अट मला विशेष शहाणपणाची वाटते. आपली भाषा कशी चालते हे दुसऱ्या कुळातली भाषा समोर आल्याखेरीज दिसतच नाही.

एक उदाहरण देते. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी चिंच खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद खाणाऱ्याशी जुळत नाही, जे खाल्ले त्याच्याशी जुळते. याला आपण शाळेत कर्मणी प्रयोग म्हणतो, मुले लक्षणे पाठ करतात आणि विषय संपतो. आता बाजारात भाजी विकणाऱ्या, हुबळी-धारवाडकडून आलेल्या बाईला हेच कन्नडमध्ये विचारावे. ती ‘नानु तिंदे’ म्हणेल. आंबा खाल्ला काय आणि चिंच खाल्ली काय, तिचे क्रियापद बदलणार नाही. ते तिच्याशीच, खाणारीशीच जुळेल. ‘तिने खाल्ले’ याला ती ‘अवळु तिंदळु’ म्हणेल आणि ‘त्याने खाल्ले’ याला ‘अवनु तिंदनु’. ही तीन वाक्ये ऐकल्यावर आपल्या कर्मणी प्रयोगाकडे मुले ज्या नजरेने पाहतील, ती नजर दहा पाने पाठ करून येणार नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्याच्या सुमारे साडेचौदा लाख लोकसंख्येत 66 टक्के लोकांनी कोकणी, जवळपास 11 टक्क्यांनी मराठी आणि साडेचार टक्क्यांहून अधिक लोकांनी कन्नड ही मातृभाषा सांगितली. म्हणजे आपल्या कुळाबाहेरची भाषा शिकायला गोव्यातल्या मुलाला परदेशी जायला नको. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात जाणे पुरे.

आता त्याच वाक्यात ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून पाहावे. ‘त्याने आंबा खाल्ला’ मध्ये ‘ने’ आला. ‘मी’ला मात्र काहीच लागले नव्हते. कोकणीत तसे होत नाही. तिथे ‘हांव’ बदलून ‘हांवें’ होते: ‘हांवें आंबो खाल्लो.’ आणि मराठीतही एके काळी असेच होते. ‘म्यां’ आणि ‘त्वां’ ही रूपे संतांच्या ओव्यांतून आपण वाचतो, जुन्या व्याकरणांत ती तृतीयेत दाखवलेली असतात. प्रमाण मराठीच्या बोलण्यातून ती गेली. म्हणजे माझ्या आईच्या तोंडचे आरोंद्याचे ‘मियां’ हे अशुद्ध बोलणे नाही. प्रमाण मराठीने जे टाकून दिले, त्याच्या फार जवळचे काहीतरी तिने जपून ठेवले आहे. ते नेमके काय आहे, ‘म्यां’शी त्याचे नाते काय आणि ‘हांवें’शी काय, हे ठरवायला पुरावा लागतो आणि पुरावा गोळा करण्याचे काम माझ्या भाचीला करायचे होते.

असे काम पदवीच्या मुलांना झेपेल का, अशी शंका घेतली जाईल. मोठे संशोधन त्यांच्याकडून कोणी मागत नाही. मात्र मोठे संशोधनही अशाच लहान जागी बसून झाले आहे, हे त्यांना कळले पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली आणि त्यांच्या भाषांचे शब्द वेगळे राहूनही वाक्यांची घडण जवळजवळ एक झाली, हे गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 मध्ये दाखवले. जगभर भाषासंपर्काच्या अभ्यासात त्या गावाचे नाव घेतले जाते. तेरेखोलच्या पलीकडची कुडाळी बोली अ. मा. घाटगे यांनी 1960 च्या दशकात मराठी बोलींच्या सर्वेक्षणात तपशिलाने नोंदवली आहे. त्यामुळे आज पेडण्यातला एखादा विद्यार्थी नोंदी घेईल, तर त्याला ताडून पाहायला साठ वर्षांपूर्वीचा पाया तयार आहे.

गोव्याच्या बाबतीत तर हे काम नवे म्हणताच येणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून आले, सासष्टीत राहिले, इथल्या लोकांत राहून इथली भाषा शिकले, मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि इथल्या बोलीचे व्याकरण लिहिले. ते व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, 1640 मध्ये, राशोल येथे छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. बार्देशातल्या आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी 1893 मध्ये कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश प्रसिद्ध केला आणि पुढे आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश सिद्ध केला. कोकणीच्या घडणीचा इतिहास सुमित्र मंगेश कत्रे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून मांडला. आपल्या काळात माधवी सरदेसाई यांनी कोकणी शब्दसंग्रहावर झालेल्या परकीय प्रभावांचा अभ्यास गोवा विद्यापीठात केला आणि भाषाविज्ञानाची ओळख कोकणीतून करून दिली. ज्या भूमीत इतके झाले, तिथल्या भाषेच्या पदवीधराने एकदाही कानाला यंत्र लावून आपल्या गावचे बोलणे ऐकलेले नसावे, हे मला मनापासून खटकते.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तिला मुदत आहे. खाजन शेतीतले, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या भातशेतीतले, ‘मानस’ (पाण्याचे दार), ‘पोंय’ (दाराजवळचे तळे), ‘कोरगुट’ (खारे पाणी सोसणारे भात) हे शब्द आज कोणाच्या तोंडी आहेत? ज्यांनी भरती-ओहोटी पाहून मानशीच्या फळ्या वर-खाली केल्या, बांध फुटला तेव्हा रात्री धावत जाऊन चिखल टाकला, त्यांच्या. ती माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची मुले नोकरीत आहेत आणि नातवंडांना बांधाची वाटही माहीत नाही. चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायच्या रानफळांची नावे सांगणाऱ्या बायका प्रत्येक गावात आता दोन-चारच उरल्या आहेत. घागऱ्यो, कांगलां, कवंडळ अशी नावे आठवताना आमच्याच घरात दरवर्षी एखादे नाव गळते. सत्तरी आणि काणकोण तालुक्यांतल्या गावडा, वेळीप समाजांच्या धालोतली, म्हणजे बायकांच्या नाचातली, गाणी छापलेली सापडतील. ती गाणारी बाई दोन गाण्यांच्या मध्ये शेजारणीशी जे बोलते, ते कुठेही छापलेले नाही, आणि भाषाविज्ञानाला तेच हवे असते. या घरांतली मुले आज महाविद्यालयांत आहेत. त्यांपैकी अनेकजण आपल्या घराण्यातले पहिले पदवीधर ठरतील, आणि इंग्रजीतल्या संदर्भग्रंथांशी झुंजताना, रोजच्या बसच्या प्रवासात वेळ घालवताना त्यांचे गुण 75 टक्क्यांपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे ज्यांच्या घरात बोली सगळ्यांत चांगली जिवंत आहे, त्यांनाच ती नोंदवण्याच्या कामापासून दूर ठेवले जाण्याचा संभव सगळ्यांत जास्त. गुणांची अट घालणाऱ्यांच्या मनात असे काही नसणार, पण भाषाविषयांत तिचा परिणाम असा होतो.

यावर उपाय आयोगाच्या आराखड्यातच बसतो. संशोधन प्रकल्पाऐवजी जे तीन पेपर दिले जातात, त्यांपैकी चार श्रेयांकांचा एक पेपर क्षेत्रकार्याचा असावा, आणि भाषाविषयांत तो सक्तीचा असावा. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला सत्रात 30 तास धरले जातात, म्हणजे चार श्रेयांकांना 120 तास मिळतात. नवशिक्याला एका मिनिटाचे बोलणे ऐकून, उच्चारानुसार उतरवून, प्रत्येक शब्दाखाली त्याची फोड आणि अर्थ लिहायला तासभर सहज लागतो. तेव्हा वीस मिनिटांचे मोकळे बोलणे पूर्णपणे उतरवणे, त्याच्या आधी दोनशे-अडीचशे नेहमीच्या शब्दांची यादी त्याच भाषकाकडून घेणे, आणि शेवटी त्या सामग्रीतली एकच व्याकरणिक गोष्ट निवडून वीस-पंचवीस पानांत मांडणे, एवढे 120 तासांत नीट होऊ शकते. त्यानंतर भाषाविज्ञान जाणणाऱ्या बाहेरच्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा व्हावी, आणि तीत परीक्षकाने मूळ ध्वनिमुद्रण ऐकून ‘हा उच्चार तू असा का लिहिलास?’ असे विचारावे. असे विचारले जाणार हे माहीत असले की दुसऱ्याची फाइल उतरवून आणण्याचा प्रकारही आपोआप बंद होईल.

खर्चाचा प्रश्न येत नाही. बऱ्यापैकी ध्वनिमुद्रण आजच्या फोनवर होते, शक्य असेल तर कॉलरला लावायचा मायक्रोफोन विभागाने दोन-तीन घेऊन ठेवावा. उच्चारांची तपासणी करण्यासाठी अॅमस्टरडॅममध्ये तयार झालेले प्राट आणि ध्वनिमुद्रणाला जोडून लेखन करण्यासाठी नेदरलँड्समधल्याच माक्स प्लांक संस्थेचे एलान, ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. ती वापरायला आणि उच्चार नेमके टिपणारी आंतरराष्ट्रीय स्वनलिपी लिहायला कौशल्यवर्धनाच्या 9 श्रेयांकांतून दुसऱ्याच वर्षी शिकवता येईल. देवनागरीवर विसंबून भागणार नाही, हेही इथेच सांगून ठेवते. कोकणीतले ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे विवृत (तोंड अधिक उघडून केलेले) आणि संवृत (कमी उघडून केलेले) उच्चार देवनागरीच्या नेहमीच्या लेखनात वेगळे दिसत नाहीत, आणि जे लिहिताच येत नाही ते विद्यार्थ्याच्या नजरेतून निसटते.

मार्गदर्शकांचा प्रश्न मात्र खरा आहे. आपले बहुतेक भाषाप्राध्यापक साहित्याचे अभ्यासक आहेत, आणि स्वनलिपीची सवय त्यांच्यातल्या थोड्यांनाच आहे. यात त्यांना उणेपणा देण्याचा हेतू नाही. त्यांनाही कोणी क्षेत्रकार्य शिकवले नव्हते. म्हैसूरची भारतीय भाषा संस्थान ही केंद्र सरकारची संस्था 1969 पासून याच कामासाठी आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचा जुना विभाग आहे. उन्हाळी सुटीत तिथल्या तज्ज्ञांना बोलावून प्राध्यापकांसाठी दोन आठवड्यांचे प्रशिक्षण विद्यापीठाला सहज घेता येईल. शिवाय मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी या सगळ्या विभागांनी क्षेत्रकार्याचा हा एक पेपर सामाईक ठेवला, तर प्रत्येक महाविद्यालयात एक-दोन तयार शिक्षकांवर काम निभेल. हे व्हायला मराठी आणि कोकणी विभागांनी एकत्र बसावे लागेल. गोव्यात भाषेचा विषय निघाला की वाद कुठे जातो, हे मी जन्मभर पाहिले आहे आणि त्या वादात मला इथे शिरायचे नाही. एवढेच सांगते की, ‘हांवें’ आणि ‘मियां’ एकाच बाईच्या तोंडात सुखाने राहतात, तेव्हा त्यांची नोंद करणाऱ्या मुलांना एका वर्गात बसवायला हरकत नसावी.

ध्वनिमुद्रणाविषयी दोन गोष्टी नियमातच लिहिलेल्या असाव्यात. ज्या माणसाचे बोलणे घ्यायचे, त्याला ते कशासाठी घेतो, कोण ऐकेल, हे त्याच्याच बोलीत समजावून सांगून त्याची संमती आधी घ्यावी, आणि ती संमतीही ध्वनिमुद्रित असावी. घरातल्या आजीची घेतानाही हा नियम पाळावा. आणि काम झाल्यावर ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याच्या फोनमध्ये पडून राहू नये. त्याची एक प्रत त्या माणसाच्या घरी द्यावी आणि एक प्रत गाव, वय, तारीख या नोंदींसह विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जमा व्हावी. जमा केल्याची पावती जोडल्याशिवाय त्या चार श्रेयांकांचे गुण लागू नयेत. दर वर्षी शंभर विद्यार्थ्यांनी वीस-वीस मिनिटे दिली, तरी तेहतीस तासांहून अधिक बोलणे, उतरवलेले आणि अर्थासह, गोव्याच्या हाती येईल. आज यंत्रे आपल्या भाषा बोलू लागली आहेत. 2022 मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत कोकणीही आली. त्या यंत्रांना पेडण्याची किंवा काणकोणाची बोली ऐकवायची असेल, तर ती आधी कोणीतरी नोंदवून ठेवलेली असावी लागेल.

अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे की, पुढील शैक्षणिक वर्षाच्या चौथ्या वर्षाचे पेपर निश्चित करण्यापूर्वी या सूचनेचा विचार व्हावा. भाचीने तीन पेपरांचा मार्ग घेतला आहे. तरीही गेल्या महिन्यात तिने आणि मी मिळून आईची संमती घेतली आणि आरोंद्याहून तिची धाकटी बहीण आली असताना दोघींचे अडीच तासांचे बोलणे फोनवर घेतले. त्यातली अकरा मिनिटे आतापर्यंत उतरवून झाली आहेत. ‘मियां’ नऊ वेळा आले आहे आणि ‘हांवें’ चार वेळा, चारही वेळा आईने मान माझ्याकडे वळवून बोलताना. या कामासाठी भाचीला एकही श्रेयांक मिळणार नाही. तिच्या पाठोपाठ येणाऱ्या मुलांना तो मिळावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
पेडणे, गोवा